नियंत्रण-फलकाची भाषा : वाशीम परिसरातील रेचाई-उद्योगाच्या संदर्भात

१. विषयप्रवेश

वऱ्हाडातील कापसाचा इतिहास आजवर मुख्यतः भाव, भांडवल, लोहमार्ग आणि बाजारपेठा यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. या इतिहासात यंत्राचा उल्लेख येतो तो त्याच्या मालकासह आणि उत्पादनाच्या आकड्यांसह. यंत्र आणि माणूस ज्या ठिकाणी प्रत्यक्ष एकमेकांसमोर उभे राहतात, त्या ठिकाणाची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. आजच्या रेचाई-कारखान्यात हे ठिकाण म्हणजे भिंतीलगत उभी असलेली पत्र्याची एक पेटी होय. तिच्या दारावर हिरवी-तांबडी बटणे, लहान दिवे आणि विजेचा दाब व प्रवाह दाखविणारी मापके असतात. आत धातूच्या पट्ट्या, संपर्क जोडणारी-तोडणारी उपकरणे आणि क्रमांक घातलेल्या तारांच्या जुड्या असतात. कारखान्यात तिला ‘पॅनेल’ म्हणतात. लिखित मराठीत ‘नियंत्रण-फलक’.

हा फलक अभियंत्याच्या दृष्टीने एक उपकरण असला, तरी भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने तो एक लेख आहे. त्यावरील शब्द थोडे असतात, वाचक ठरलेला असतो आणि वाचनास मिळणारा अवधी कधी कधी क्षणभराचाच असतो. इतर लेखांच्या वाचनात झालेली चूक पुढील आवृत्तीत सुधारता येते; येथे तिची किंमत बोटाने किंवा हाताने मोजावी लागते. म्हणून या फलकावरची आणि त्याच्याभोवतीची मराठी कशी घडली, ती कोणकोणत्या थरांची बनली आहे आणि धोक्याच्या क्षणी त्यांपैकी कोणता थर कामगाराच्या हातापर्यंत पोहोचतो, हा प्रश्न केवळ परिभाषेचा राहत नाही. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार वाशीम जिल्ह्याचा परिसर समोर ठेवून केला आहे.

२. फलकापूर्वीचा कारखाना

वाशीम हे १९०५ पर्यंत वऱ्हाडातील एका स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. त्या वर्षी तो जिल्हा मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत वाटण्यात आले. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन सध्याचा वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा हे त्याचे सहा तालुके. प्रशासनाच्या सीमा अशा बदलत राहिल्या, तरी काळ्या जमिनीतील कापूस हा या सर्व कालखंडातील दुवा राहिला. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडी कापसाला परदेशात मागणी आली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत पोहोचला. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंद मार्ग कारंजावरून गेल्यामुळे या भागातील रुईच्या गाठींना मुख्य लोहमार्गाकडे जाण्याची वाट मिळाली. अलीकडच्या दशकांत सोयाबीनने कापसाचे पुष्कळसे क्षेत्र घेतले असले, तरी रेचाईचा धंदा या परिसराच्या औद्योगिक स्मृतीचा गाभा आहे.

कापसातून सरकी वेगळी काढण्याचे जुने साधन म्हणजे हातरेचा. एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या दोन दांड्यांमधून तंतू निसटतो आणि जाड सरकी मागे राहते, हे त्याचे तत्त्व. १८४० मध्ये फोन्स मॅकार्थी या अमेरिकी कारागिराने एकस्व घेतलेल्या यंत्रात चामड्याचे रूळ आणि त्याला लागून असलेली पाती यांच्या साहाय्याने हेच काम साधले. भारतात पुढे प्रचलित झालेली एकरुळी व दुरुळी यंत्रे याच कुळातील होत. ‘रेचा’ आणि ‘रेचाई’ हे शब्द मराठीत तयार असतानाही कारखान्याला मात्र ‘जीन’ हेच नाव लाभले. साधन घरी होते तोवर त्याचे नाव मराठी राहिले. ते इंजिनाला जोडले गेले तेव्हा नाव इंजिनाबरोबर आले.

वाफेच्या किंवा तेलाच्या इंजिनावर चालणाऱ्या कारखान्यात शक्तीचे वाटप एका लांब फिरत्या दंडावरून होत असे. त्या दंडावरील कप्प्यांवरून पट्टे निघत आणि एकेका यंत्राला फिरवीत. एखादे यंत्र थांबवायचे झाल्यास त्याचा पट्टा घट्ट बसविलेल्या कप्प्यावरून मोकळ्या कप्प्यावर सरकवावा लागे. सर्व कारखाना थांबवायचा तर इंजिनापर्यंत निरोप जावा लागे. थांबविण्याचा अधिकार अशा रीतीने इंजिनाजवळच्या माणसाकडे होता, आणि संकटाची भाषा होती ती आरोळीची. यंत्रांच्या घरघरीत ती किती अंतर ऐकू जाई, यावर पुष्कळ काही अवलंबून असे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमातील चोविसावे कलम या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच्या एका भागात पट्टा घट्ट कप्प्यावरून मोकळ्या कप्प्यावर नेण्याची योग्य सोय असावी, असे सांगितले होते. दुसऱ्या भागात संकटकाळी चालू यंत्रांची शक्ती तोडण्याची साधने प्रत्येक कार्यकक्षात असली पाहिजेत, असा दंडक होता. एकाच कलमात दोन युगे शेजारी शेजारी बसली आहेत. पहिल्या भागात पट्ट्याचा कारखाना आहे. दुसऱ्या भागात, नाव न घेता, नियंत्रण-फलक आहे.

३. फलकाची मांडणी आणि तारजोडणी

विजेच्या मोटारीमुळे सामाईक दंडाची गरज संपत गेली आणि प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार देणे शक्य झाले. पूर्वी एका इंजिनापाशी एकवटलेले नियंत्रण आता अनेक मोटारींत विखुरले. ते पुन्हा एका जागी आणण्याचे काम फलकाने केले. त्याच्या भाषेचा विचार करण्यापूर्वी त्याची जोडणी कशी असते, हे थोडक्यात पाहणे अवश्य आहे. कारण या जोडणीतच एक प्रकारचे वाक्यशास्त्र दडलेले आहे.

रेचाई-कारखान्यात तंतूंची तूस सर्वत्र उडत असते. ती संपर्कांवर बसली तर उष्णता वाढते आणि ठिणगीने पेटही घेऊ शकते. म्हणून फलकाची पेटी धूळबंद असावी लागते, तारांच्या प्रवेशाची छिद्रे घट्ट बसणाऱ्या बोंडांनी बुजवावी लागतात आणि फलक शक्य तो तुसेच्या झोतापासून दूर उभारावा लागतो. मोटारीची व फलकाची धातूची चौकट दोन स्वतंत्र जोडण्यांनी जमिनीशी जोडण्याचा दंडक १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांत होता. एक जोडणी निसटली तरी दुसरी राहावी, हा त्यामागील हेतू. त्यानंतर तिन्ही फेजच्या तारांचा क्रम तपासावा लागतो. त्यांतील कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटार उलटी फिरते. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक असलेली लहान नळी चढवितात. आराखड्यातील क्रमांक आणि तारेवरील क्रमांक जुळला, तरच पुढे दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला तो फलक वाचता येतो.

मोटार सुरू-बंद करणारी मूळ जोडणी साधी परंतु विचारपूर्वक योजिलेली आहे. हिरवे बटण दाबले की ‘कॉन्टॅक्टर’ नावाच्या उपकरणाच्या वेटोळ्यातून प्रवाह जातो. वेटोळे चुंबक बनते आणि मुख्य संपर्क ओढून घेते. त्याच वेळी एक लहान साहाय्यक संपर्क हिरव्या बटणाला समांतर जुळतो, त्यामुळे बटणावरचे बोट काढले तरी प्रवाह टिकतो. तांबडे बटण या मार्गात एकसरीने बसविलेले असते आणि विश्रांतीच्या स्थितीत त्याचा संपर्क जुळलेला असतो. ते दाबले की मार्ग तुटतो आणि यंत्र थांबते. येथे एक बारकावा आहे. थांबविण्याच्या मार्गावरील तार उंदराने कुरतडली किंवा हादऱ्याने निसटली, तरी परिणाम बटण दाबल्यासारखाच होतो : यंत्र थांबते. बिघाड झालाच तर तो थांबण्याच्या बाजूने व्हावा, असा या रचनेचा निर्णय आहे.

दुसरा बारकावा वीज जाण्या-येण्याचा. पुरवठा खंडित झाला की वेटोळे सुटते आणि वीज परत आली तरी मोटार आपण होऊन सुरू होत नाही. कोणीतरी पुन्हा बटण दाबावे लागते. वीज गेलेली पाहून रुळांत अडकलेला कचरा काढण्यासाठी ज्याने हात घातला आहे, त्याचा हात या एका जोडणीने वाचतो. या उलट शेतातील पंपांना लावलेल्या ‘ऑटो स्विच’मुळे वीज येताच मोटार आपोआप सुरू होते. एकाच वेळी अनेक पंप सुरू होऊन रोहित्रावर अतिरिक्त भार पडतो, म्हणून असे स्विच वापरू नयेत, असे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना करीत आली आहे. कारखान्यातील फलकाने जे शहाणपण तारांत बांधले, ते विहिरीवरील पेटीत सोयीसाठी सोडून देण्यात आले.

४. शब्दांचे तीन थर

फलकाभोवतीच्या मराठीत तीन थर स्पष्टपणे वेगळे करता येतात.

पहिला थर संस्कृतनिष्ठ परिभाषेचा. मराठीत राज्यकारभारासाठी शब्द घडविण्याची परंपरा शिवकालीन राज्यव्यवहारकोशापर्यंत मागे जाते. विसाव्या शतकाच्या मध्यास डॉ. रघुवीर यांनी नागपुरात राहून संस्कृत धातू व प्रत्यय यांवर आधारित विस्तृत परिभाषा रचली. वाशीम त्या काळी ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात होते, त्या प्रांताच्या शासनाचा या कार्याशी निकटचा संबंध होता. १९४८ मध्ये दाते आणि कर्वे यांचा शास्त्रीय परिभाषा कोश प्रसिद्ध झाला. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली, त्याच वर्षी भाषा संचालनालय आणि राज्य विद्युत् मंडळ ही दोन्ही अस्तित्वात आली. शब्द घडविणारी आणि वीज पोहोचविणारी यंत्रणा एकाच वर्षी जन्मास यावी, हा योगायोग असला तरी सूचक आहे.

या थरातील शब्दरचना शास्त्रशुद्ध आहे. साधनवाचक ‘इत्र’ हा प्रत्यय पाणिनीने मोजक्या धातूंना सांगितला आहे (३.२.१८४), अरित्र, लवित्र, खनित्र ही त्याची उदाहरणे. आधुनिक परिभाषेतील ‘जनित्र’ व ‘रोहित्र’ हे शब्द त्याच धाटणीचे आहेत. ‘रुह्’ म्हणजे वर चढणे. शेताच्या बांधावरील रोहित्र मात्र ११,००० व्होल्टचा दाब ४३३ व्होल्टपर्यंत उतरविते. तरीही वृत्तपत्रे आणि वीज कार्यालये यांच्या नित्य वापरामुळे ‘रोहित्र’ लिखित मराठीत रुळला. ‘भारनियमन’ तर बोलण्यातही रुळला, कारण या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचा अनुभव रोजचा होता. घडविलेला शब्द टिकतो की नाही, हे त्याच्या व्युत्पत्तीपेक्षा तो किती वेळा दारात येतो यावर ठरते, असे या दोन उदाहरणांवरून म्हणावयास हरकत नाही.

दुसरा थर इंग्रजीतून आलेल्या शब्दांचा : मेन, फेज, न्यूट्रल, अर्थिंग, लोड, रिले, फ्यूज, केबल, स्टार्टर, पॅनेल. यांतील काहींचा मूळ इतिहास मनोरंजक आहे. ‘पॅनेल’ हा शब्द जुन्या फ्रेंचमार्गे ‘वस्त्र’ या अर्थाच्या लॅटिन ‘पान्नुस’पर्यंत पोहोचतो, कापसाच्या कारखान्यात तो आला तो एका परीने स्वगृहीच. ‘रिले’ म्हणजे मुळात टप्प्यावर बदलावयाची ताजी जनावरे. दूरवरून आलेला क्षीण प्रवाह जेथे संपतो तेथून ताजा प्रवाह पुढे सोडणाऱ्या उपकरणाला तारायंत्राच्या काळात हे नाव मिळाले. मराठीतील टपालाचा ‘टप्पा’ हीच कल्पना सांगतो. परंतु तो शब्द या कामी कोणी योजिला नाही.

वऱ्हाडात या थरातील दोन शब्दांनी विशेष रूप घेतले आहे. वीजपुरवठ्याला येथे सर्रास ‘लाइन’ म्हणतात : लाइन गेली, लाइन आली. खांबांवरील रोहित्राला ‘डीपी’ म्हणतात आणि ती स्त्रीलिंगी आहे. उसन्या नामांना मराठीने लिंग दिले ते आपल्या नियमाने : मोटार, केबल, लाइन स्त्रीलिंगी, स्टार्टर, फ्यूज, लोड पुल्लिंगी, पॅनेल, बटण नपुंसकलिंगी. ही व्यवस्था कोणत्याही समितीने ठरविलेली नाही.

तिसरा थर देशी व पूर्वीच रुळलेल्या शब्दांचा : तार, कळ, खटका, दिवा, पट्टी, चावी, चालू, बंद. यांतील ‘चावी’ पोर्तुगीजांकडून आणि ‘बंद’ फारसीतून आला. परंतु बोलणाऱ्याला ते परके वाटत नाहीत.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत हे तिन्ही थर एकत्र नांदताना दिसतात. तेथील व्यवसायांची शासकीय नावे वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, कातारी, संधाता अशी आहेत. ‘जोडारी’ व ‘कातारी’ हे शब्द अगदी कारागिराच्या तोंडचे वाटावेत असे आहेत, कारण त्यांच्या पोटात जोडणे आणि कातणे ही चालती क्रियापदे आहेत. प्रमाणपत्रावर ‘तारतंत्री’ असलेला तरुण कारखान्यात पाऊल टाकताच ‘वायरमन’ होतो, ही गोष्ट खरी. परंतु जोडणी शिकविताना शिक्षक जी वाक्ये उच्चारतो, त्यांत नाम कोणतेही असो, क्रियापद मराठीच असते.

येथे या निबंधाचा मुख्य मुद्दा येतो. फ्यूज उडतो, मोटार जळते, लोड येतो, तार सुटते, फेज जातो, कॉन्टॅक्टर चिकटतो. या वाक्यांत बिघाडाचे निदान नामात नसून क्रियापदात आहे. ‘कॉन्टॅक्टर चिकटला’ याचा अर्थ असा की उष्णतेने संपर्क एकमेकांना सांधले गेले आहेत आणि आता तांबडे बटण दाबूनही मोटार थांबणार नाही. मुख्य खटकाच पाडला पाहिजे. ‘सुटणे’, ‘उडणे’, ‘चिकटणे’, ‘जळणे’ यांतील भेद हा कारागिराच्या अनुभवाने सिद्ध झालेला ज्ञानसंचय आहे. परिभाषाकारांनी आपले श्रम जवळजवळ सर्वस्वी नामांवर खर्च केले. क्रियापदांकडे पाहण्याची गरज त्यांना फारशी भासली नाही. नामे उसनी घेऊनही कारखान्याची भाषा मराठी राहिली, ती याच दुर्लक्षित क्रियापदांमुळे.

५. ‘बंद’ आणि तांबडा रंग

फलकावरील चिन्हांत दोन ठिकाणी अर्थाचा धोकादायक द्व्यर्थ आढळतो. त्यांपैकी पहिला शब्दाचा आहे.

विद्युत्शास्त्राच्या इंग्रजी परिभाषेत ज्या मार्गातून प्रवाह अखंड वाहू शकतो, त्याला मिटलेला मार्ग म्हणतात आणि तुटलेल्या मार्गाला उघडा म्हणतात. पाठ्यपुस्तकी मराठीत याचे भाषांतर ‘बंद परिपथ’ व ‘खुला परिपथ’ असे झाले. वर्तुळ पूर्ण होते या कल्पनेने ते चुकीचे नाही. परंतु बोलीत ‘बंद’चा अर्थ नेमका उलट आहे : दिवा बंद, पंप बंद, मेन बंद, म्हणजे वीज नाही. एकाच शब्दाने शाळेत ‘प्रवाह चालू आहे’ असे सांगावे आणि कारखान्यात ‘प्रवाह नाही’ असे सांगावे, ही स्थिती परीक्षेत केवळ गुणांची हानी करते. उघड्या फलकापुढे ती अधिक मोठी हानी करू शकते. तांबड्या बटणाचा विश्रांतीतील संपर्क ‘सामान्यतः बंद’ असा लिहिला, तर नवशिक्याने त्यातून काय समजावे? वास्तविक कारागिराच्या भाषेत याचा निर्दोष पर्याय सिद्ध आहे : संपर्क ‘जुळलेला’ किंवा ‘तुटलेला’. येथेही क्रियापदापासून साधलेले शब्दच अर्थ निःसंदिग्ध करतात.

दुसरा द्व्यर्थ रंगाचा. बटणांत तांबडे म्हणजे थांबवा आणि हिरवे म्हणजे सुरू करा. परंतु विद्युत्-फलकांच्या जुन्या प्रघातानुसार दिव्यांत तांबडा म्हणजे मोटार चालू आणि हिरवा म्हणजे बंद. शेजारी शेजारी असलेल्या बटणाच्या व दिव्याच्या तांबड्या रंगाने परस्परविरुद्ध अर्थ सांगावेत, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. त्याचा उलगडा वाचकभेदात आहे. बटणाचा रंग यंत्र चालविणाराला उद्देशून आहे : हे दाबशील तर यंत्र थांबेल. दिव्याचा रंग दुरुस्तीला आलेल्याला उद्देशून आहे : आत वीज आहे, हात घालू नकोस. दोन्ही आपापल्या जागी सयुक्तिक आहेत; अडचण अशी की फलक एकच आहे आणि लहान कारखान्यात चालविणारा व दुरुस्त करणारा पुष्कळदा एकच माणूस असतो. पुढे आंतरराष्ट्रीय मानकांनी दिव्यांतही तांबडा रंग धोक्याच्या स्थितीसाठी राखण्याकडे कल दाखविला. परंतु जुने फलक भिंतीवर असेपर्यंत जुना अर्थही जिवंत राहतो. चिन्ह बदलण्याचा आदेश निघतो तेव्हा त्या चिन्हाची सवय लागलेले हात बदललेले नसतात.

६. कायद्याची भाषा आणि वत्सगुल्मचा ताम्रपट

फलकावर कोणत्या भाषेत लिहावे याविषयी कायदा मौन बाळगून नव्हता. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांतील पस्तिसाव्या नियमाने मध्यम व त्यावरील दाबाच्या प्रत्येक ठिकाणी कवटी व हाडांच्या चिन्हासह धोक्याची सूचना लावणे आवश्यक केले होते. ती हिंदीत किंवा इंग्रजीत आणि शिवाय जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत असावयास हवी होती. २५० व्होल्टच्या वरचा दाब तेव्हा मध्यम गणला जात असल्याने कारखान्यातील तीन फेजचा पुरवठा या नियमाखाली येई. २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांनीही हा भाषेचा दंडक पुढे चालविला. दुसरीकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमातील १०८ व्या कलमाने कारखान्यातील सूचना इंग्रजीत आणि तेथील बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, असे सांगितले होते.

या दोन शब्दयोजनांतील भेद सूक्ष्म पण महत्त्वाचा आहे. एक नियम भाषा भूभागावरून ठरवितो, दुसरा माणसांवरून. वाशीम जिल्ह्याची स्थानिक भाषा मराठी हे निर्विवाद; परंतु मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान असून जिल्ह्यात गोरबोली घरी बोलणारा समाज मोठा आहे. हंगामी कामासाठी परप्रांतातून मजूर आले, तर त्यांची भाषा आणखी वेगळी. जिल्ह्याची भाषा आणि कार्यकक्षाची भाषा एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

याहून मोठी उणीव अशी की विद्युत् नियमांनी भाषेचा आग्रह धरला तो इशाऱ्यापुरता. ‘धोका’ हा शब्द मराठीत आला. पण बटणांवरील शब्द निर्मात्याच्या मर्जीवर राहिले आणि ते बहुधा इंग्रजीतच राहिले. धोका आहे हे कामगाराला त्याच्या भाषेत सांगितले. धोका आल्यास काय करावे हे मात्र परक्या लिपीत.

या संदर्भात वाशीमच्याच भूमीतील एका जुन्या लेखाचे स्मरण उपयुक्त ठरेल. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. १९३९ मध्ये येथे सापडलेला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट राजाच्या सदतिसाव्या राज्यवर्षातील आहे. म. म. वा. वि. मिराशी यांच्या संशोधनामुळे तो अभ्यासकांना सुपरिचित आहे. त्याच्या भाषेची वाटणी लक्षणीय आहे : राजवंशाची माहिती देणारा भाग संस्कृतात आहे, तर दानाचा प्रत्यक्ष व्यवहार सांगणारा भाग प्राकृतात. वंशाची थोरवी प्रतिष्ठेच्या भाषेत सांगितली तरी चालते. परंतु गाव कोणाला दिले, कोणत्या सवलती दिल्या आणि अधिकाऱ्यांनी काय करू नये, हे ज्यांनी अंमलात आणावयाचे त्यांना कळेल अशा भाषेत असावे लागते. चौथ्या शतकातील लेखकाने तांब्याच्या पत्र्यावर जी वाटणी केली, तिच्या नेमकी उलट वाटणी विसाव्या शतकातील पोलादी पत्र्यावर झाली : इशारा लोकभाषेत आणि कृती परभाषेत.

७. समारोप

फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र शासनाने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्याच्या चौथ्या उप-अभियानाचा विषय रेचाई व गाठबांधणी कारखान्यांचे आधुनिकीकरण हा होता. कापूस वाहून नेणारे पट्टे, स्वयंचलित पुरवठा आणि जलशक्तीवरील गाठयंत्रे यांमुळे नियंत्रणाचे केंद्रीकरण वाढले. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे नागपूर येथील रेचाई प्रशिक्षण केंद्रही या भागातील कारागिरांना जवळचे आहे. नव्या फलकांत बटणांची जागा काही ठिकाणी पडद्याने घेतली आहे. पडद्यावर देवनागरी उमटविणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. त्यामुळे पत्र्यावर अक्षरे कोरण्याच्या खर्चाची जुनी सबब उरलेली नाही. उरला आहे तो निवडीचा प्रश्न : कोणते शब्द?

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. फलकावर वस्तूंची नावे मराठी असण्यापेक्षा कृतीची आज्ञा मराठी असणे अधिक निकडीचे आहे. ‘कॉन्टॅक्टर’ला संस्कृत प्रतिशब्द मिळाला नाही, तरी कोणाचे बोट जात नाही, परंतु तांबड्या बटणाखाली ‘थांबवा’ हा शब्द असला पाहिजे. ‘बंद’ हा शब्द यंत्राच्या स्थितीसाठी राखून ठेवावा, परिपथासाठी ‘जुळलेला’ व ‘तुटलेला’ हे शब्द वापरावेत. पाठ्यपुस्तकांनीही ही शिस्त पाळावी. जेथे कामगारांची भाषा जिल्ह्याच्या भाषेहून वेगळी असेल, तेथे माणसांवरून भाषा ठरविण्याचे तत्त्व भूभागाच्या तत्त्वापेक्षा श्रेष्ठ मानावे. आणि परिभाषा कोशांच्या पुढील आवृत्त्यांत नामांच्या रकान्याशेजारी क्रियापदांचा रकाना असावा. त्यातील नोंदी कोशकाराने घडवावयाच्या नसून कारखान्यांतून ऐकून टिपावयाच्या आहेत.

तारजोडणी पूर्ण झाल्यावर अनुभवी वायरमन मोटार सुरू होते की नाही, हे पाहून समाधान मानीत नाही. चालू केलेली मोटार तांबड्या बटणाने थांबते की नाही, याची खात्री तो आधी करून घेतो. फलकावरील शब्दांची परीक्षाही याच क्रमाने व्हावयास हवी. तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक असावा लागतो. तसेच शब्दाच्याही दोन्ही टोकांना, लिहिणाऱ्याच्या आणि दाबणाऱ्याच्या, एकच अर्थ असावा लागतो.